काचशास्त्रज्ञ डॉ. आत्माराम

प्रस्तावना

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी हे गाव आहे. त्या परिसरातील, किंवा भोर-वेल्ह्याच्या कोणत्याही खोऱ्यातील वृद्ध माणसाला वीज येण्यापूर्वीच्या दिवसांविषयी विचारले, तर तो कंदिलाचा उल्लेख केल्याशिवाय राहणार नाही. दिवस मावळू लागला की कंदिलाची काच काढायची, चुलीतील राखेने ती आतून-बाहेरून पुसायची, वात कापायची आणि मगच दिवा लावायचा, हा घरोघरचा नेम होता. काच हातातून निसटली तर घरात बोलणी खावी लागत, कारण ती विकत आणावी लागे.

ती काच आपल्याच प्रदेशात तयार व्हावी, यासाठी महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या आरंभी मोठे प्रयत्न झाले. प्रत्येक देशबांधवाने वर्षाला निदान एक पैसा स्वदेशी उद्योगासाठी द्यावा, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला. ती जागा पुढे ओगलेवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तेथील ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला.

अशा प्रयत्नांमुळे कंदिलाची काच, बाटली, पेला या वस्तू देशात होऊ लागल्या. शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाचे भिंग मात्र परदेशी काचेचेच राहिले. दुर्बीण, छायाचित्रणाचा कॅमेरा, भूमापनाची उपकरणे, सैन्याची लक्ष्यदर्शके या सर्वांना लागणारी काच बाहेरून येई. डोळ्याला दोन्ही प्रकारची काच सारखीच पारदर्शक दिसते, तरी एक आपण करू शकत होतो आणि दुसरी करू शकत नव्हतो. हे अंतर ज्या संशोधकाच्या नेतृत्वाखाली भारताने ओलांडले, त्या डॉ. आत्माराम यांच्या जीवनकार्याचा परिचय प्रस्तुत पाठात करून घ्यावयाचा आहे.

बालपण व शिक्षण

आत्माराम यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९०८ रोजी उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यात पिलाना या खेड्यात झाला. तळेगावचा काच कारखाना ज्या वर्षी निघाला, तेच हे वर्ष. हा केवळ योगायोग आहे. परंतु स्वदेशीच्या ज्या वातावरणात तळेगावची भट्टी पेटली, त्याच वातावरणात आत्माराम यांची पिढी वाढली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. घरची परिस्थिती साधारण होती. खेड्यातील मुलाने उच्च शिक्षण घेणे, आणि तेही विज्ञानात, ही त्या काळी सहजसाध्य गोष्ट नव्हती.

पुढे ते अलाहाबाद विद्यापीठात दाखल झाले. त्या विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग प्रा. नीलरतन धर यांच्यामुळे नावारूपाला आलेला होता. धर हे स्वतः मोठे संशोधक, आणि विद्यार्थ्यांना संशोधनाची गोडी लावणारे गुरू. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आत्माराम यांनी प्रकाशाच्या योगाने घडणाऱ्या रासायनिक क्रियांचा अभ्यास केला आणि विज्ञानातील डॉक्टरेट मिळवली. येथे त्यांना मोजमापाच्या काटेकोरपणाची जी शिस्त लागली, ती पुढे काचेच्या संशोधनात उपयोगी पडली.

कलकत्त्यातील प्रयोगशाळा

उच्चविद्याविभूषित भारतीय रसायनशास्त्रज्ञापुढे त्या काळी प्रामुख्याने महाविद्यालयातील अध्यापनाचा मार्ग असे. आत्माराम यांनी वेगळी वाट धरली. १९३६ साली ते कलकत्त्यातील सरकारी औद्योगिक संशोधन विभागात रुजू झाले. देशातील उद्योगधंद्यांच्या अडचणी प्रयोगशाळेत आणून सोडवणे, हे या विभागाचे काम. त्याचा व्याप लहान होता, साधनेही बेताची होती.

दुसऱ्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. समुद्रमार्ग धोक्यात आले, परदेशी मालाची आवक आटली आणि ज्या वस्तू आजवर सहज मिळत, त्यांच्यावाचून कारखाने अडू लागले. १९४० साली डॉ. शांतिस्वरूप भटनागर कलकत्त्यात आले व औद्योगिक संशोधनाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. १९४२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. भटनागर यांच्या सहवासात आत्माराम यांनी युद्धकाळातील निकडीच्या प्रश्नांवर काम केले. वस्तू आयात करता येते तोवर तिच्यामागील ज्ञानाचा अभाव जाणवत नाही; आयात थांबली की तो एकदम उघडा पडतो, हा त्या काळाचा धडा होता.

स्वातंत्र्यानंतर परिषदेने राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारली. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला कलकत्त्यातील जादवपूर येथे केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. काच, चिनी माती, भट्टीच्या विटा, मुलामा ही सारी या संस्थेच्या अभ्यासाची क्षेत्रे. संस्थेच्या उभारणीपासून आत्माराम तिच्याशी निगडित होते. १९५२ साली ते तिचे संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी कालखंड तो हाच.

प्रकाशीय काचेचे आव्हान

काच तयार करण्याची मूळ कृती जुनीच आहे. वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र करून सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वितळवली की काचेचा रस मिळतो. वाळूत लोहाचा अंश असेल तर काचेला हिरवट छटा येते, रसात वायू अडकला तर बुडबुडे राहतात. बाटलीच्या काचेत असे दोष चालून जातात. खिडकीच्या तावदानातून पाहताना बाहेरचे झाड किंचित वाकडे दिसले, तरी कोणाचे काही अडत नाही.

भिंगाचे तसे नाही. भिंगातून जाणारा प्रकाशकिरण ठरावीक प्रमाणातच वळला पाहिजे. किरणाच्या वळण्याचे हे प्रमाण दर्शवणाऱ्या संख्येला वक्रीभवनांक म्हणतात. भिंगाच्या काचेत हा अंक दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानापर्यंत किंवा त्याहूनही पुढे सर्वत्र एकसारखा असावा लागतो. साखरेचा पाक पाण्यात ओतला असता जशा तरंगत्या रेघा दिसतात, तशी एखादी रेघ काचेत राहून गेली, तर त्या भिंगातून दिसणारी प्रतिमा बिघडते.

अडचण अशी की, काचेचा तप्त रस ज्या मातीच्या मुशीत वितळवायचा, त्या मुशीलाच तो खाऊ लागतो. मुशीतील माती आणि लोह रसात उतरतात व शुद्ध काच पुन्हा अशुद्ध होते. म्हणून आधी मूस उत्तम हवी, मुशीसाठी माती शुद्ध हवी आणि भट्टीच्या विटाही तशाच तोलामोलाच्या हव्यात. काच आणि मृत्तिका ही दोन शास्त्रे एकाच संस्थेत का हवीत, याचे उत्तर येथे मिळते. रस एकजीव व्हावा म्हणून तो तासन्तास ढवळावा लागतो. ढवळण्याची ही युक्ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळात पिएर लुई गिनाँ या स्विस कारागिराने शोधून काढली. त्यानंतर काच अत्यंत सावकाश निववावी लागते. घाई झाली तर आत ताण राहतो आणि काच तडकते, किंवा न तडकताही निरुपयोगी ठरते. मुशीत निवलेला गोळा फोडून त्यातील निर्दोष तुकडे निवडायचे, अशी जुनी पद्धत होती, आणि तीत बराचसा भाग टाकूनच द्यावा लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील येना येथे अर्न्स्ट आबे, ओटो शॉट आणि कार्ल झाइस यांच्या सहकार्याने या विद्येला शास्त्रीय पाया मिळाला. पहिले महायुद्ध सुरू होताच जर्मन काचेवर विसंबून असलेल्या ब्रिटनचीही ओढाताण झाली. अशी काच करणारे देश जगात मोजकेच होते आणि ही विद्या दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास कोणी सहजी राजी नव्हते. ग्रंथांतून तत्त्वे कळत. मुशीची माती कोणती, रस किती वेळ आणि कोणत्या गतीने ढवळायचा, निववण्याची गती किती ठेवायची, हे मात्र भट्टीपुढे उभे राहिल्यावाचून कळत नसे.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आत्माराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतले. भारतात मिळणारा कच्चा माल तपासणे, मुशी घडवणे, भट्ट्या उभारणे, प्रत्येक टप्प्यावर तपमान काटेकोर राखणे आणि तयार काचेची परीक्षा करणे, अशी या कामाची अंगे होती. त्यांतील एक जरी अंग दुबळे राहिले, तरी बाकीचे सारे श्रम फुकट जाणार होते. अखेर १९६० च्या सुमारास संस्थेत प्रकाशीय काचेचे उत्पादन होऊ लागले. मोजक्या देशांपाशी असलेली विद्या भारतीय शास्त्रज्ञांनी आपल्या प्रयोगशाळेत सिद्ध केली. १९५९ साली आत्माराम यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार लाभला आणि त्याच वर्षी ते पद्मश्रीचेही मानकरी ठरले. ज्यांच्या हाताखाली ते घडले त्या भटनागरांच्याच नावाचा हा पुरस्कार होता. तो पाहण्यास भटनागर मात्र हयात नव्हते. १९५५ च्या पहिल्याच दिवशी त्यांचे निधन झाले होते.

टाकाऊ अभ्रक, फेनकाच आणि तांबडी काच

प्रकाशीय काचेमुळे आत्माराम यांचे नाव झाले. तथापि त्यांच्या दृष्टीचे खरे दर्शन त्यांच्या इतर संशोधनात अधिक स्पष्टपणे घडते.

त्या काळी अभ्रकाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर होता. आजच्या झारखंडातील कोडरमा, आंध्रातील नेल्लूर आणि राजस्थानचा काही भाग येथील खाणींतून अभ्रक निघे. विजेच्या उपकरणांसाठी त्याची मोठी, निर्दोष पाने परदेशी जात. खाणीतून निघालेल्या अभ्रकाचे पदर सोलून आणि कडा छाटून अशी पाने तयार करताना फार मोठा भाग वाया जाई. छाटणीच्या या चुऱ्याचे ढीग खाणींच्या परिसरात साचलेले असत. ज्या देशात अभ्रक विपुल, त्या देशात त्याचा कचराही विपुल, अशी ही स्थिती होती.

या कचऱ्यापासून उष्णतारोधक विटा करण्याची पद्धत आत्माराम यांच्या संस्थेने विकसित केली. अभ्रक उष्णतेने सहसा बिघडत नाही आणि उष्णता सहजी वाहूनही नेत नाही. त्याच्या पातळ पदरांच्या मध्ये हवा अडकून राहिली की वीट हलकी होते आणि उष्णतेला अधिकच अडवते. भट्टीच्या भिंतीत अशी वीट बसवली की आतील उष्णता आत राहते आणि इंधन वाचते. खाणीजवळ ओझे ठरलेला पदार्थ भट्टीत कोळशाची बचत करू लागतो, तो असा.

फेनकाचेचे संशोधनही याच जातीचे. काचेची पूड घ्यावी, तीत कोळशासारखा वायू निर्माण करणारा पदार्थ अल्प प्रमाणात मिसळावा आणि काच मऊ होईपर्यंत तापवावे. त्यातून निघणारा वायू मऊ काचेत कोंडला जातो, भाकरी फुगावी तशी काच फुगते आणि थंड झाल्यावर असंख्य बंद पोकळ्यांचा हलका ठोकळा हाती येतो. हा ठोकळा कुजत नाही, त्याला कीड लागत नाही, तो पेटत नाही. शीतगृहाच्या भिंतींसाठी असा पदार्थ फार सोयीचा. फुटक्या काचेची पूडही या कामी येऊ शकते. भिंगाच्या काचेत एक बुडबुडा राहू नये म्हणून जो संशोधक झटला, त्याच्याच संस्थेत बुडबुड्यांनी भरलेली काच मुद्दाम तयार होत होती. पदार्थाचा दोष कोणता आणि गुण कोणता, हे त्याच्याकडून घ्यावयाच्या कामावर ठरते, हे यावरून समजते.

तांबड्या काचेच्या रंगाचाही त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. काचेला तांबडा रंग आणण्यासाठी सेलेनियमचा उपयोग होतो, पण तो पदार्थ महाग. तांब्यानेही तांबडा रंग येतो. मात्र तो नेमका कशामुळे, याविषयी अभ्यासकांत मतभेद होते. काचेत विखुरलेल्या तांब्याच्या धातुरूप कणांमुळे तो येतो, असे अनेकजण मानत. आत्माराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांच्या आधारे तो तांब्याच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, असा निष्कर्ष मांडला. बांगडीच्या रंगाचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु फिरोजाबादच्या भट्ट्यांवर ज्यांची चूल पेटत असे, त्या कारागिरांसाठी तो रोजच्या भाकरीचा प्रश्न होता. शुद्ध विज्ञान आणि कारागिराची गरज यांच्यात आत्माराम यांनी भिंत उभी राहू दिली नाही.

परिषदेचे नेतृत्व

१९६६ साली आत्माराम वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. १९६८ साली वाराणसी येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. एका संस्थेचा संचालक आता देशभरच्या प्रयोगशाळांचा प्रमुख झाला होता.

हा काळ सोपा नव्हता. दोन युद्धे आणि दुष्काळ यांनी देश मेटाकुटीला आला होता आणि प्रयोगशाळांवर होणाऱ्या खर्चातून जनतेच्या पदरात काय पडले, असा प्रश्न संसदेत विचारला जाऊ लागला होता. परिषदेच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी माजी सरन्यायाधीश अ. कु. सरकार यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. संशोधन उद्योगाच्या उपयोगी पडले पाहिजे, हा आत्माराम यांचा आग्रह जुनाच होता. आता ती कसोटी त्यांच्या अधिपत्याखालील साऱ्या प्रयोगशाळांना लागत होती.

येथे एका गोष्टीची नोंद निःपक्षपातीपणे केली पाहिजे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली प्रत्येक प्रक्रिया कारखान्यात रुजतेच असे नाही. कारखानदाराला भांडवल हवे असते, बाजारपेठेची खात्री हवी असते, आणि परदेशी कंपनीची तयार यंत्रसामग्री मिळत असेल तर देशी प्रक्रियेची जोखीम घेण्यास तो कचरतो. चांगला शोध आणि चालता कारखाना यांतील हे अंतर आत्माराम यांना पूर्णपणे मिटवता आले नाही, आणि कोणा एका व्यक्तीला ते मिटवता येण्याजोगेही नव्हते. १९७१ साली ते या पदावरून निवृत्त झाले.

ज्ञानाची भाषा

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने या चरित्राकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. विज्ञान लोकांच्या भाषेत आले पाहिजे, यावर आत्माराम यांची दृढ श्रद्धा होती. शास्त्रज्ञांच्या जगात सारा व्यवहार इंग्रजीत चालत असताना त्यांनी हिंदीतून विज्ञानविषयक लेखनाचा पुरस्कार केला आणि स्वतःही लेखन केले. केंद्रीय हिंदी संस्थानाकडून विज्ञानलेखनासाठी दिला जाणारा पुरस्कार आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

त्यांच्या या आग्रहाचे नाते त्यांच्या संशोधनाशी होते. भट्टीपुढे उभा राहणारा कामगार, बांगड्या घडवणारा कारागीर, चिनी मातीची भांडी करणारा लहान उद्योजक यांना इंग्रजी शोधनिबंध वाचता येत नव्हता. ज्याच्यासाठी शोध लावायचा त्यालाच तो कळला नाही, तर तो शोध अर्धाच राहिला. मराठीत हीच जाणीव आधीपासून होती. पुण्यातून १९२८ साली सुरू झालेले ‘सृष्टिज्ञान’ मासिक तिचेच फळ. आत्माराम ज्या वर्षी महासंचालक झाले त्याच १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. वेगवेगळ्या भाषांत एकाच गरजेतून आलेले हे प्रयत्न होते.

समारोप

६ फेब्रुवारी १९८३ रोजी डॉ. आत्माराम यांचे निधन झाले. साधी राहणी, कामाचा काटेकोरपणा आणि देशी साधनांवरील विश्वास ही त्यांच्या व्यक्तिमत्त्वाची तीन वैशिष्ट्ये म्हणून सांगता येतील. मात्र देशी साधनांवरील त्यांचा विश्वास भाबडा नव्हता. आपली वाळू, आपली माती, आपले अभ्रक चांगलेच असले पाहिजे, असे त्यांनी गृहीत धरले नाही. त्यांनी ते तपासले, त्यातील दोष मोजले आणि दोष दूर करण्याची किंवा त्याच दोषांचा उपयोग करून घेण्याची पद्धत शोधली. स्वदेशीच्या भावनेला त्यांनी मोजमापाची जोड दिली.

तळेगावच्या भट्टीसाठी लोकांनी पैसा पैसा जमवला, तेव्हा आपली काच आपण करावी एवढीच इच्छा त्यांच्यापाशी होती. ती इच्छा सूक्ष्मदर्शकाच्या भिंगापर्यंत पोहोचण्यास अर्धे शतक लागले. कंदिलाची काच राखेने पुसणाऱ्या घरातील मुलाने पुढे शाळेत त्या भिंगातून कांद्याच्या सालीतील पेशी पाहिल्या असतील, तर या प्रवासाचे सार्थक त्या मुलाच्या नजरेत झाले, असे म्हणावे लागेल.

स्वाध्याय

१. बाटलीची काच आणि प्रकाशीय काच यांतील फरक आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

२. टाकाऊ पदार्थांकडे पाहण्याची डॉ. आत्माराम यांची दृष्टी अभ्रक व फेनकाच यांच्या आधारे विशद करा.

३. प्रयोगशाळेतील शोध कारखान्यात रुजण्यात कोणत्या अडचणी येतात? पाठाच्या आधारे चर्चा करा.

४. आपल्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या कारागिराशी बोलून त्याच्या व्यवसायात वाया जाणाऱ्या वस्तूंविषयी व त्यांच्या उपयोगाविषयी सुमारे २०० शब्दांत टिपण लिहा. कारागीर वापरतो ते शब्द तसेच ठेवा.